पोस्टग्रेस सर्व्हर पहिल्यांदाच सांभाळायला घेताय? या क्रमाने शिका

पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) हा डेटाबेस सांभाळायची जबाबदारी बहुतेकांवर ठरवून येत नाही. एखादा डेव्हलपर एसक्यूएल लिहीत असतो, टीममध्ये डेटाबेस जाणणारं दुसरं कुणी नसतं आणि हळूहळू सर्व्हरही त्याच्याच गळ्यात येतो. तुमचं असं झालं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

नवीन येणारे जवळजवळ सगळे मला आधी विचारतात ते मेमरीच्या सेटिंगबद्दल. माझ्या मते तो विषय यादीत बराच खाली आहे. आधी डेटा परत मिळवता आला पाहिजे, मग सर्व्हरवर काय चाललंय ते वाचता आलं पाहिजे आणि मग ते दुसऱ्याला नेमकं सांगता आलं पाहिजे. यातलं शेवटचं बरेच जण शिकतच नाहीत. पण अडल्यावर पोस्टग्रेसच्या समुदायाकडून मदत मिळते ती त्याच्याच जोरावर.

एक सूचना: आज्ञांची आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत करायची.

आधी जमवून ठेवा

- मोडला तरी चालेल असा एक सर्व्हर. डॉकरही चालतं, पण व्हर्च्युअल मशीन घेतलंत तर सर्व्हिस चालू-बंद करणं, फाइलींच्या परवानग्या, भरलेली डिस्क हे सगळं हाताखालून जातं.
- पीएसक्यूएल, म्हणजे टर्मिनलमधून पोस्टग्रेसशी बोलायचं साधन. पीजीअ‍ॅडमिन वापरायला हरकत नाही, पण अडचणीच्या वेळी एसएसएचवरून आत शिरल्यावर हाताशी फक्त पीएसक्यूएल असतं.
- तुमच्याच आवृत्तीचं अधिकृत मॅन्युअल. सर्च केल्यावर पुष्कळदा जुन्या आवृत्तीचं पान उघडतं. पानाच्या वरच आवृत्ती बदलायची सोय असते, तिथे आधी नजर टाका.
- एक साधी टेक्स्ट फाइल. त्यात आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, पॅकेज कुठून घेतलं आणि कोणती सेटिंग कधी आणि का बदलली हे लिहीत जा. पायरी 7 ला ही फाइल लागणार आहे.

1. कोणती आवृत्ती चालू आहे ते बघा

पीएसक्यूएलमध्ये 'सिलेक्ट व्हर्जन()' चालवा. 2017 मध्ये आलेल्या 10 पासून पहिला आकडा मुख्य आवृत्तीचा असतो आणि दुसरा किरकोळ दुरुस्त्यांचा. म्हणजे 16.3 मधला 16 मुख्य. मुख्य आवृत्ती दरवर्षी येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. किरकोळ आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. हे चार गुरुवार कॅलेंडरवर टाकून ठेवा.

'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा' हा विचार इथे महागात पडतो. किरकोळ आवृत्तीत नवीन सुविधा नसतात, फक्त दुरुस्त्या असतात. ती घ्यायला डेटा काढून परत भरावा लागत नाही. पॅकेज बदलायचं, रिलीज नोट्स वाचायच्या आणि सर्व्हर रीस्टार्ट करायचा. उदाहरणार्थ 14.0 ते 14.3 मध्ये 'क्रिएट इंडेक्स कॉन्करंटली' आणि 'रीइंडेक्स कॉन्करंटली' यांनी बनवलेले इंडेक्स बिघडू शकत होते. त्यासाठी जून 2022 मध्ये, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर, 14.4 काढावी लागली. नुसतं पॅकेज बदलून आधीच बिघडलेला इंडेक्स सुधारत नव्हता, तो पुन्हा बांधावा लागत होता. हे रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणून नोट्स वाचायच्याच.

मुख्य आवृत्ती बदलणं हे वेगळं काम आहे. त्यासाठी 'पीजी_अपग्रेड' आहे. 17 पर्यंत अपग्रेडनंतर प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी रिकामी असायची, त्यामुळे लगेच ती गोळा करणारं 'अ‍ॅनालाइझ' केलं नाही तर सगळ्या क्वेरी अचानक रखडायच्या. 18 पासून बहुतेक आकडेवारी सोबत येते. 'लिंक' पद्धतीने (डेटा फाइलींची प्रत न करता त्याच वापरून) अपग्रेड करणार असाल तर लक्षात ठेवा, नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुन्यावर परत जाता येत नाही.

2. आत शिरता येतं, पण कोण कोण शिरू शकतं?

डेबियन किंवा उबुंटूवर पोस्टग्रेस टाकल्यावर 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' हा निरोप जवळजवळ सगळ्यांना भेटतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. 'पीअर' म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधलं तुमचं नाव आणि डेटाबेसमधल्या रोलचं (तिथल्या वापरकर्त्याचं) नाव एकच असलं पाहिजे. अशा वेळी कोण कुठून आत येऊ शकतं हे ठरवणारी फाइल 'पीजी_एचबीए.कॉन्फ' उघडून तिथे 'ट्रस्ट' लिहा, असा सल्ला कुठे ना कुठे सापडतोच. तो मानू नका. 'ट्रस्ट' म्हणजे पासवर्डाशिवाय कुणालाही, अगदी सुपरयूजर म्हणूनही, आत येऊ देणं. तिथे 'स्क्रॅम-शा-256' ही पासवर्ड तपासायची पद्धत ठेवा.

या फाइलीत ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि जुळणारी पहिली ओळच लागू होते. ती ओळ नाही म्हणाली की पुढची बघितली जात नाही. तुमची नवी ओळ बरोबर असूनही उपयोग होत नसेल तर तिच्या वर काय आहे ते बघा. फाइल बदलल्यावर रीलोड पुरतं. मात्र 'लिसन_अ‍ॅड्रेसेस' बदललंत तर रीस्टार्ट लागतो. सर्व्हर कोणत्या पत्त्यावर जोडणी स्वीकारतो हे त्यातून ठरतं आणि ते मुळात फक्त 'लोकलहोस्ट', म्हणजे त्याच मशीनपुरतं असतं, म्हणून दुसऱ्या मशीनवरून 5432 पोर्ट बंद वाटतो.

अ‍ॅप्लिकेशनला सुपरयूजर कधीच देऊ नका. त्याचा वेगळा रोल करा. 15 पासून 'पब्लिक' या स्कीमात (टेबलांच्या मूळच्या गटात) टेबल बनवायची मुभा डेटाबेसच्या मालकालाच असते. त्यामुळे जुनी स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर 'परमिशन डिनाइड' म्हणून अडते. उपाय म्हणजे त्या रोलला स्वतःचं स्कीमा देणं. हक्क सरसकट वाटू नका.

3. बॅकअप घ्या आणि तो परत भरून बघा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. इथे घाई करू नका.

31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेवर काय झालं ते त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलं आहे, आणि प्रत्येक नव्या डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) ते वाचावं. दुय्यम सर्व्हरवरचं डेटा फोल्डर पुसायचं होतं, पण आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालली. सुमारे 300 जीबी डेटा होता, आज्ञा थांबवेपर्यंत 4.5 जीबी उरला. आता बॅकअप बघू म्हणून गेले, तर रोजचा डंप (डेटा बाहेर काढून ठेवलेली फाइल) तिथे नव्हताच. सर्व्हर 9.6 चा होता आणि 'पीजी_डंप' 9.2 चं चालत होतं. जुनं 'पीजी_डंप' नव्या सर्व्हरचा डेटा काढायला नकार देतं. ते रोज अपयशी ठरत होतं आणि त्याच्या सूचनेचे ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. शेवटी वेगळ्या कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) सापडला म्हणून बाकीचं वाचलं. मधल्या सहा तासांतला डेटा गेला.

बॅकअपच्या अनेक पद्धती कागदावर होत्या, पण त्यातली कुणी भरून पाहिली नव्हती. म्हणून तुमच्याकडे क्रम असा ठेवा:

अ) 'पीजी_डंप' कस्टम फॉर्मॅटमध्ये घ्या, म्हणजे 'पीजी_रिस्टोअर'ने हवं तेवढंच टेबल काढता येतं आणि अनेक प्रोसेस लावून लवकर भरता येतं. हा डंप एकाच डेटाबेसचा असतो. रोल आणि पासवर्ड त्यात येत नाहीत. त्यासाठी 'पीजी_डंपऑल' ग्लोबल्स-ओन्ली पर्यायाने वेगळं चालवा. नव्या सर्व्हरवर सगळा डेटा आला पण मालक सापडत नाहीत, असा गोंधळ यामुळेच होतो.

आ) तो डंप दुसऱ्या मशीनवर भरा. किती वेळ लागला ते टिपून ठेवा. सर्व्हर पडल्यावर 'किती वेळात सुरू होईल?' असं विचारलं जातं, तेव्हा हा आकडा उपयोगी पडतो. दोन-चार मोठ्या टेबलांच्या ओळी मोजा, सगळ्यात ताजी नोंद कधीची आहे ते बघा.

इ) डंप रात्री घेतला आणि दुपारी कुणी चुकीचं 'डिलीट' चालवलं तर मधला अर्धा दिवस जातो. तो वाचवायचा असेल तर मूळ बॅकअप आणि त्यानंतरच्या वॅल फाइली (प्रत्येक बदलाच्या नोंदी) दोन्ही लागतात. त्यावरून अमुक वाजून अमुक मिनिटांपर्यंतची स्थिती उभी करता येते. मूळ बॅकअप घेणारं 'पीजी_बेसबॅकअप' पोस्टग्रेससोबतच येतं. रोजच्या कामाला पीजीबॅकरेस्ट किंवा बारमनसारखं साधन वापरा. स्वतः स्क्रिप्ट लिहायच्या मोहात पडू नका, कारण वॅल फाइली दुसरीकडे साठवणाऱ्या 'आर्काइव्ह_कमांड'ने फाइल खरोखर पोचल्यावरच यश कळवायचं असतं. घरी लिहिलेल्या स्क्रिप्टा नेमक्या तिथे चुकतात.

ई) रेप्लिका (मुख्य सर्व्हरची सतत ताजी होणारी प्रत) आहे म्हणून बॅकअप टाळू नका. मुख्य सर्व्हरवरचं 'डिलीट' क्षणार्धात रेप्लिकावर पोचतं.

रिस्टोअरचा सराव कॅलेंडरवर टाका आणि दर वेळी वेगळ्या माणसाकडून करून घ्या. लिहिलेल्या पायऱ्यांत काय राहून गेलंय ते तेव्हाच कळतं.

4. डिस्क भरत आली तर काय करायचं नाही

'पीजी_वॅल' फोल्डर मोठं झालं म्हणून त्यातल्या फाइली हाताने पुसू नका. हे फोल्डर पूर्वी 'पीजी_एक्सलॉग' नावाचं होतं. नाव वाचून लोक ते साधे लॉग समजून उडवायचे आणि डेटाबेस गमावून बसायचे. आवृत्ती 10 मध्ये नाव बदलण्यामागे तेही एक कारण होतं.

फोल्डर फुगण्याची कारणं बहुधा दोन असतात. आर्काइव्ह अपयशी ठरतंय, किंवा बंद पडलेल्या रेप्लिकाचा रेप्लिकेशन स्लॉट (तिने अजून न घेतलेली वॅल राखून ठेवणारी नोंद) तसाच राहिलाय. पहिल्यासाठी 'पीजी_स्टॅट_आर्काइव्हर' बघा, दुसऱ्यासाठी 'पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स'. कारण दूर केलंत की पुढच्या चेकपॉइंटला (साचलेले बदल डेटा फाइलींत उतरवताना) पोस्टग्रेस स्वतःच जागा मोकळी करतं. 13 पासून 'मॅक्स_स्लॉट_वॅल_कीप_साइझ'ने स्लॉटला मर्यादा घालता येते, ती घाला.

5. व्हॅक्यूम बंद करू नका आणि उघडी ट्रान्झॅक्शन शोधा

पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी प्रत तिथेच राहते, कारण दुसरं कुणी ती अजून वाचत असू शकतं. मेलेल्या प्रतींची जागा परत वापरात आणायचं काम ऑटोव्हॅक्यूम करतं. त्याने डिस्कवर भार येतोय असं दिसलं की ते बंद करायचा मोह होतो. करू नका. उलट मोठ्या टेबलांवर ते जास्त वेळा चालू द्या. मूळ सेटिंगनुसार टेबलाच्या 20 टक्के ओळी मेल्यावर ते जागं होतं. दहा कोटी ओळींच्या टेबलात म्हणजे दोन कोटी मेलेल्या ओळी साचल्यावर. अशा टेबलापुरता हा टक्का ठरवणारा 'स्केल फॅक्टर' कमी करता येतो.

याच कामात एक मोठा धोकाही टळतो. ट्रान्झॅक्शनचा क्रमांक 32 बिटांचा असतो आणि सुमारे दोन अब्जांपलीकडचं जुनं-नवं त्याला कळत नाही. म्हणून 20 कोटींच्या वयाला पोचलेल्या टेबलावर पोस्टग्रेस सक्तीने व्हॅक्यूम लावतं. ऑटोव्हॅक्यूम बंद असलं तरीही. प्रोसेसच्या यादीत 'टू प्रिव्हेंट रॅपअराउंड' असं दिसलं तर तिला मारू नका.

आता एक प्रसंग जवळून बघा. दुपारी तुम्ही एका टेबलात नवा कॉलम घालता. 'ऑल्टर टेबल' खरं तर क्षणात व्हायला हवं, पण ते अडकतं. आणि मिनिटभरात अख्खं अ‍ॅप्लिकेशन ठप्प होतं, साधं 'सिलेक्ट'सुद्धा परत येत नाही. 'पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी' उघडा. तिथे प्रत्येक सेशनची एक ओळ असते. पन्नासेक ओळींत 'वेट_इव्हेंट_टाइप' लॉक दिसतंय. तुमच्या 'ऑल्टर'च्या प्रोसेसचा क्रमांक 'पीजी_ब्लॉकिंग_पिड्स()'ला द्या. उत्तरात एकच क्रमांक येतो. त्या क्रमांकाच्या ओळीत 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' लिहिलेलं आहे आणि ती सकाळपासून तशीच आहे. कुणीतरी 'बिगिन' करून टेबल वाचलं आणि जेवायला गेलं. त्याच्या वाचनाच्या लॉकमागे तुमचं 'ऑल्टर' उभं आहे आणि 'ऑल्टर'मागे बाकी सगळे.

लगेच करायचं ते म्हणजे तुमचं 'ऑल्टर' रद्द करणं. रांग त्याच क्षणी सुटते. मग त्या उघड्या सेशनवर 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड()' चालवा. लिनक्सची 'किल -9' मात्र वापरू नका. एका सेशनला ती दिलीत तर पोस्टग्रेस सगळेच सेशन तोडून क्रॅश रिकव्हरीत जातं. पुढच्या वेळी 'ऑल्टर'आधी 'लॉक_टाइमआउट' दोन-तीन सेकंदांवर ठेवा आणि 'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट'ही लावून टाका.

6. आता मेमरीची सेटिंग, थोडक्यात

'शेअर्ड_बफर्स' (डेटा हाताशी ठेवायची सामायिक मेमरी) मुळात 128 एमबी असतं. सर्व्हर फक्त डेटाबेससाठी असेल तर रॅमच्या 25 टक्क्यांपासून सुरुवात करा. 'वर्क_मेम' 4 एमबी असतं आणि ते कनेक्शनमागे मोजलं जात नाही. एकाच क्वेरीतलं प्रत्येक सॉर्ट आणि हॅश तेवढी मेमरी घेऊ शकतं. 100 कनेक्शन असताना ते 256 एमबी केलं तर रॅम कधीही संपू शकते. कनेक्शन कमी पडतात म्हणून 'मॅक्स_कनेक्शन्स' वाढवत नेण्यापेक्षा पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारं साधन) बसवा. वेगासाठी 'एफसिंक' (बदल डिस्कवर खरोखर पोचल्याची खात्री करणं) बंद करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, वीज गेल्यावर डेटा दुरुस्त न होण्याइतका बिघडू शकतो.

क्वेरी हळू असेल तर आधी क्वेरींच्या वेळेचा हिशोब ठेवणारं 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स' चालू करा (रीस्टार्ट लागतो) आणि एकूण वेळ सर्वांत जास्त कुठे जातोय ते बघा. मग त्या क्वेरीवर तिचा प्लॅन दाखवणारं 'एक्सप्लेन', सोबत 'अ‍ॅनालाइझ' आणि 'बफर्स'. प्लॅनमध्ये खर्चाचे आकडे वाचण्याआधी अंदाजी ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांची तुलना करा. अंदाज 12 चा आणि प्रत्यक्षात 4,80,000 असतील तर प्लॅनरची माहिती चुकीची आहे. तिथे आधी त्या टेबलावर 'अ‍ॅनालाइझ' चालवायचं, इंडेक्सचा विचार नंतर. 'लूप्स' एकापेक्षा जास्त असेल तर दाखवलेला वेळ एका फेरीचा सरासरी असतो, गुणाकार तुम्ही करायचा. आणि 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' क्वेरी खरोखर चालवतं. 'डिलीट' तपासताय तर 'बिगिन' आणि 'रोलबॅक'च्या मध्ये ठेवा.

7. अडलात तर असं विचारा

पोस्टग्रेस कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचं नाही. 1986 मध्ये बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आज जगभरातले लोक मिळून चालवतात आणि त्यांचं बहुतेक बोलणं ईमेलच्या याद्यांवर होतं. नवख्यांसाठी 'पीजीएसक्यूएल-नॉव्हिस', सर्वसाधारण प्रश्नांसाठी 'पीजीएसक्यूएल-जनरल', वेगाच्या प्रश्नांसाठी 'पीजीएसक्यूएल-परफॉर्मन्स'. ज्यांनी तो भाग लिहिला तेच कधी कधी उत्तर देतात, आणि मला या समुदायाबद्दल याचंच सर्वांत जास्त अप्रूप आहे.

ईमेलमध्ये हे द्या:

- 'सिलेक्ट व्हर्जन()'चं पूर्ण उत्तर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि पॅकेज कुठून घेतलं ते
- नेमकी आज्ञा आणि लॉगमधला निरोप जसाच्या तसा. स्क्रीनशॉट नको, मजकूर
- मूळ सेटिंगपेक्षा काय बदललंय (तुमची टेक्स्ट फाइल इथे कामाला येते)
- क्वेरीचा प्रश्न असेल तर टेबलाची रचना आणि पूर्ण प्लॅन
- शक्य असेल तर रिकाम्या डेटाबेसवर चालवून तीच अडचण दिसेल अशी छोटी स्क्रिप्ट

उत्तर देताना 'रिप्लाय ऑल' करा, आधीच्या मजकुरातला कामापुरता भाग ठेवून त्याच्याखाली लिहा. सगळा जुना ईमेल खाली लटकवून वर एक ओळ लिहिणं इथे आवडत नाही. सुरक्षेशी संबंधित बग सापडला तर तो जाहीर यादीवर टाकू नका, त्यासाठी वेगळा खासगी पत्ता आहे.

बारीक निरीक्षणाला इथे किती मोल आहे हे मार्च 2024 मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. पोस्टग्रेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड बेंचमार्क करत होते आणि एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांच्या नजरेत आलं. त्याचा माग काढत ते फाइली लहान करणाऱ्या 'एक्सझेड' लायब्ररीत लपवलेल्या बॅकडोअरपर्यंत (चोरवाटेपर्यंत) पोचले.

8. हातभार लावायचा असेल तर रिव्ह्यूपासून सुरू करा

सी भाषा उत्तम येत नसली तरी करण्यासारखं बरंच आहे. मॅन्युअल सोर्स कोडसोबतच राहतं, त्यामुळे एखादा परिच्छेद समजायला कठीण गेला असेल तर तो सुधारून पॅच (बदलांची फाइल) पाठवा. तुम्ही नवीन असतानाच असे परिच्छेद दिसतात, नंतर त्यांची सवय होते.

इथे गिटहबवर पुल रिक्वेस्ट चालत नाही, तिथली प्रत फक्त आरसा आहे. 'गिट फॉरमॅट-पॅच'ने पॅच बनवून 'पीजीएसक्यूएल-हॅकर्स' यादीवर पाठवायचा आणि कमिटफेस्टमध्ये (पॅच तपासायच्या ठरलेल्या महिन्यात) नोंदवायचा. कमिटफेस्ट जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये होतात. एप्रिलच्या सुरुवातीला त्या वर्षीच्या आवृत्तीत नवीन सुविधा घेणं थांबतं. म्हणून मोठं काही असेल तर ते जुलैत आणा, मार्चमध्ये धावत येऊ नका.

पॅच पाठवणाऱ्याने तेवढ्याच आकाराचा दुसऱ्याचा पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. कमिट करण्याचा अधिकार मोजक्याच लोकांकडे आहे, पण तपासणाऱ्यांची कमतरता कायम असते. पहिल्या रिव्ह्यूत एवढं केलंत तरी पुरे: पॅच ताज्या कोडवर लागतो का, बिल्ड होतो का, 'मेक चेक' (तयार चाचण्या) पास होतं का, मॅन्युअलमधला बदल सोबत आहे का आणि सांगितलंय तसं तो खरंच वागतो का. हे करून काय दिसलं ते यादीवर लिहा. कोडबद्दल मत देता आलं नाही तरी 'इथे नल दिल्यावर असा एरर आला' ही ओळ लेखकाच्या उपयोगाची असते.

तुमच्या पॅचवर आठवडाभर उत्तर आलं नाही तर तो नाकारला असं समजू नका. दरम्यान कोड बदलला असेल तर पॅच नव्याने बेतून 'व्ही2' म्हणून त्याच धाग्यात पाठवा आणि काय बदललं ते दोन ओळींत सांगा. 'रिटर्न्ड विथ फीडबॅक' असा शेरा आला तर सुचवलेले बदल करून पुढच्या कमिटफेस्टमध्ये तो परत नोंदवता येतो. पॅच स्वीकारला गेला की कमिटच्या निरोपात लेखक आणि तपासणारे दोघांचीही नावं येतात, आणि त्या वर्षीच्या रिलीज नोट्सच्या शेवटी जी आभाराची यादी असते तिच्यातही.